डोक्याची पुडी

बाबा,

परवा अकोल्यातल्या एका डॉक्टरांनी मला विचारलं, कोणत्या गोळ्या घेता? आणि मी म्हटलं, कोणत्याच नाही. अगदी सहज म्हटलं. पर्समध्ये चष्म्याच्या डबीखाली अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी होती आणि सकाळपासून तीन पोटात गेल्या होत्या. तरी आपण खोटं बोललो असं मला वाटलंच नाही. घरी येताना ऑटोत आठवलं की हेच वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलंय, एकदा नाही, पाच दवाखान्यांत, तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही आणि आज लिहायला बसले ती डोकेदुखीपायी. तुम्ही असता तर म्हणाला असता, दुसरं काई सुचलं नाई काय तुले?

चांदूरचा दवाखाना अजून माझ्या नाकात आहे. स्पिरिट, ओली फरशी आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या कपड्यांना येणारा कपाशीच्या वावराचा वास. डॉक्टरसाहेब अमरावतीहून आठवड्यातले तीन दिवस यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे तुम्ही. नावाला कंपाउंडर, पण खेड्यापाड्यांतल्या बाया तुम्हाला डॉक्टरभाऊच म्हणायच्या आणि तुम्ही एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही. इंजेक्शन तुम्ही देत नव्हता, साहेबांची ताकीद होती. पण पुडी तुमची होती. दोन तऱ्हेच्या पांढऱ्या गोळ्या दगडी खलात कुटायच्या, सुरीच्या टोकानं सारखे भाग करायचे आणि कागदाच्या चौकोनात बांधायच्या. ते चौकोन मी कापायची. माझ्या जुन्या वह्यांचे. किती माणसांनी माझी चुकलेली गणितं उलगडून तोंडात पुडी टाकली असेल, कोण जाणे. पुडी बांधताना तुमचा अंगठा कागदावरून असा फिरायचा की घडी पुन्हा सुटायची नाही, आणि मला ती घडी जमली त्या दिवशी तुम्ही मला स्टेशनवर नेऊन संत्र्याची बर्फी खाऊ घातली होती. मला शाळेत मिळालेलं कुठलंही बक्षीस त्यापुढं आठवत नाही.

त्या पुडीला तुम्ही डोक्याची पुडी म्हणायचा. तुम्ही स्वतःही ती घ्यायचा. सकाळी चहानंतर एक, दुपारी जेवण झाल्यावर एक. आई होती तोवर ती म्हणायची, "कावून खाता हो रोज? दुखून तं नाही राहिलं." आणि तुम्ही म्हणायचा, "दुखू नये म्हनूनच तं खातो." आपल्या घरात पुडी म्हणजे औषध नव्हतं. औषध ते, जे साहेब कागदावर लिहून देतात आणि जे मेडिकलातून आणावं लागतं. पुडी आपली होती, घरातल्या लोणच्यासारखी. लोणचं खाता का असं डॉक्टरनं विचारलं तर माणूस ते औषधात धरेल का? तुम्हीही धरत नव्हता. मी तर त्याच घरात वाढलेली.

मग ती वर्षं आली. पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आपल्याच जिल्ह्यातल्या गावांची नावं दिसायची आणि तुम्ही तो पालथा घालून ठेवायचा. मी तोवर लग्न होऊन अकोल्याला आलेली, शाळेत लागलेली, आई गेलेली, आणि तुम्ही चांदूरला एकटे. दिवाळीत माहेरी आले तेव्हा बाहेरचा बाक भरून माणसं रस्त्यापर्यंत उभी. ताप कुणाला नाही, खोकला कुणाला नाही. सगळ्यांचं एकच, डोकं दुखतं आणि झोप येत नाही. तुम्ही खलातून मान वर न काढता म्हणालात, "साऱ्या तालुक्याचंच डोकं दुखून राहिलं काय बाप्पा!" बाकावरची माणसं हसली. पुढच्या दिवाळीला आले तेव्हा बाक तसाच भरलेला होता, पण ती चेष्टा तुम्ही पुन्हा केली नाही.

त्यांत एक बाई होती, नांदगाव खंडेश्वरकडच्या कुठल्याशा खेड्यातली. दर बाजाराच्या दिवशी यायची. मी तिला एकदाच पाहिलं. उंच, हाताला हिरवा चुडा, पिशवीत बाजाराचं काहीच नाही. खिडकीशी येऊन म्हणाली, "भाऊ, डोक्याचं ऱ्हाऊ द्या आता. मले झोपेचं द्या. डोयाले डोया लागत नाही." तुम्ही म्हणालात, "थे माह्याजोळ नसते बाई. अमरावतीले मोठ्या दवाखान्यात जा." ती म्हणाली, "कोन नेईन मले? घरात कोनी कोनाशी बोलून नाही राहिलं." मग चार पुड्या जास्तीच्या बांधून तिच्या हातावर ठेवल्यात. ती जाताना मला म्हणाली, "पोरी, तुह्या बापाच्या हाताले लय गुन हाय." चारचौघांत सगळेच असं म्हणायचे. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

त्यानंतर वर्षभरातच तुमचं दुखणं सुरू झालं. म्हणजे मला कळलं ते तेव्हा. दवाखान्याच्या शेजारच्या फोनवरून तुम्ही म्हणालात, "डोक्यात घन मारल्यावानी होते, आन् झोप तं म्हनशील तं बिलकूल नाही." दुसऱ्यांच्या दुखण्याबद्दल दिवसभर बोलणारा माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलताना इतका लाजतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, अमरावतीला दाखवू. आणि मग आपले दौरे चालू झाले. तुम्ही चांदूरहून पॅसेंजरनं यायचा, मी अकोल्याहून, आणि आपण बडनेऱ्याच्या स्टेशनवर भेटायचो. तुम्ही आधी पोचलेले असायचा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाइल, डोक्याला काहीही न बांधलेलं. डॉक्टरकडं जाताना आजाऱ्यासारखं दिसायला तुम्हाला आवडायचं नाही.

आधी डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी नंबर बदलला. मग नाकाचे, त्यांनी हाड वाकडं निघालं म्हणून वाफ घ्यायला सांगितली. मग दाताचे, त्यांनी दाढ काढली. दाढ गेली, डोकं होतं तिथंच. एका मोठ्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि मीठ कमी करा म्हणाले. मग अकोल्याला डोक्याची फिल्म काढली आणि त्यात काही नाही असं लिहून आलं. दर ठिकाणी आत शिरताच तुम्ही हात जोडायचा आणि म्हणायचा, "मी लाइनीतलाच आहे साहेब, चांदूरले कंपाउंडर." मग साहेब हसायचे, कधी चहा सांगायचे, फी घ्यायचे नाहीत आणि लाइनीतल्या माणसाला फार खोदून विचारायचं नसतं म्हणून भराभर विचारायचे. कोणत्या गोळ्या चालू आहेत? तुम्ही म्हणायचा, "काही नाही साहेब. आपल्याले गोळ्याची सवयच नाही." तुमच्या वरच्या खिशाला तेव्हा पुड्यांचा फुगवटा असायचा. मला तो दिसायचा. तुम्हाला साहेबांसमोर खोटं पाडायचं माझ्या मनातही यायचं नाही, आणि खरं सांगते, खोटं आहे असंही तेव्हा वाटायचं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही नळावर जाऊन एक पुडी तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "चाल, तुही गाडी चुकन."

शेवटी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात ती पोरगी भेटली. डॉक्टर होती, पण माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, केसांना साधा रबर लावलेला, आणि बोलणं आपल्यासारखंच. तुम्ही तुमचं लाइनीतलं वाक्य म्हणालात. ती म्हणाली, "बरं काका, बसा." तिनं गोळ्यांचं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "डोकं दुखाले लागलं का मंग तुमी काय करता?" तुम्ही म्हणालात, "काय करन? पुडी घेतो." ती म्हणाली, "किती?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. पाच दवाखान्यांत मी गप्प बसले होते. तिथं मात्र मी म्हटलं, "सहा. कधी आठ." ती लिहायचं थांबली. मग तिनं तुमच्या खिशातली एक पुडी मागून घेतली, उलगडली, आत काय काय आहे ते तुमच्याच तोंडून वदवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की रोज इतक्या पुड्या खाल्ल्या की दुखणं पुडीचंच होऊन बसतं. तिच्यात चहासारखं झोप उडवणारंही काही असतं. पुडी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की तुम्ही पुडी घेता. आणि किडनीवर ताण आलाय, रक्तात दिसतंय. पुडी पार बंद करायची. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट जातील, आधीपेक्षा जास्त दुखेल. मळमळ आणि दुखणं सोसवेल इतपत दुसरं औषध ती देणार होती. तेवढे दिवस काढले की उतरत जाईल.

मग तिनं विचारलं, "इतक्या कधीपासून घेता काका? आधी तं कमी घेत असान ना." तुम्ही फरशीकडं पाहत म्हणालात, "बाजाराच्या दिवशी एक बाई ये. नांदगावकडची. थे याची बंद झाली, तवापासून." मला आधी कळलंच नाही तुम्ही कुणाबद्दल बोलताय. तुम्ही सांगत गेलात. दवाखान्यात केसपेपर फक्त साहेबांनी तपासलेल्याचाच निघायचा. तुमच्या खिडकीवरून पुडी नेणाऱ्याचं नाव कधी लिहिलंच जात नव्हतं. तिचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं, गावही नक्की माहीत नव्हतं. त्या बाजूचं कुणी दिसलं की तुम्ही आडून आडून विचारायचा, हिरव्या चुड्याची, उंच. लोक म्हणायचे, अशा तर लय बाया हायेत भाऊ. बरी असेल, माहेरी गेली असेल, दुसऱ्या दवाखान्यात जात असेल, की काही झालं असेल, काही कळायला मार्ग नव्हता. "तिनं झोपेचं मागतलं," तुम्ही म्हणालात, "आन् मी तिले डोक्याची पुडी देल्ली." डॉक्टर म्हणाली, पुडी सुटली की एका मनाच्या डॉक्टरशी बोलू, मी स्वतः सोबत येते. तुम्ही एकदम ताठ झालात. "मी काय पागल हाय?" ती म्हणाली, "नाही काका. तुमी थकले." त्या एका शब्दावर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी आपली खिडकीबाहेर पाहत बसले.

ते बारा दिवस तुम्ही माझ्याकडं काढायचे असं ठरलं. तुम्हाला ते किती जड गेलं हे मला ठाऊक आहे. लेकीच्या सासरी बापानं फुकट जेवू नये, हे तुमच्या हाडात होतं. म्हणून तुम्ही पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तुरीची डाळ निवडायला घेतली, मेथी खुडली, लसूण सोलला, आणि तेवढं काम झालं की मगच ताटावर बसायचा. सासूबाई म्हणायच्या, "राहू द्या ना दादा, आमचे हात काय मोडले काय?" चौथ्या दिवसापासून तुमच्यानं मेथीही खुडवेना. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. आतल्या खोलीत गोधडी डोक्यावरून घेऊन तुम्ही पडून असायचा, ओकारी काढायचा आणि कण्हायचा. मोठ्यानं नाही, दात आवळून, पण सारखं. सासूबाईंनी ओल्या फडक्यानं तुमचं डोकं बांधलं, पाय चेपले. हे मी मुद्दाम लिहिते. त्या वाईट नव्हत्या. शाळेतून आले की मी तुमच्या उशाशी बसायची आणि तुम्ही म्हणायचा, "किती झाले?" मी म्हणायची, सहा. सात. आठव्या दिवशी तुम्ही थोडा भात खाल्लात आणि दुपारी तासभर तुमचा डोळा लागला, पुडीशिवाय. मी दाराशी उभी राहून पाहत होते. तो तास मला अजून दिसतो. उतरत होतं, बाबा. ती पोरगी म्हणाली होती तसंच ते उतरायला लागलं होतं.

नवव्या दिवशी पुन्हा चढलं. आणि त्याच संध्याकाळी मी तुम्हाला पुडी दिली. दुकानातून गोळ्या आणल्या, स्वयंपाकघरातल्या खलात कुटल्या, शाळेच्या वहीचं पान फाडून चौकोन केला आणि तुमच्याच घडीनं बांधली. आता विचार केला तर वाटतं, कागदात बांधायची गरज काय होती? तशीच वाटीत दिली असती. पण बांधली. खल नीट धुतला नव्हता, पुडीला लसणाचा वास असणार. तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत, बाराचे नऊच झालेत हे तुम्हालाही माहीत होतं, आणि पुडी तोंडात टाकलीत. घर शांत झालं.

सकाळी तुम्ही अंघोळ करून, केस विंचरून ओट्यावर बसला होतात. मला म्हणालात, "तुह्या हाताले गुन हाय पोरी." आणि तिसऱ्या दिवशी पॅसेंजरनं चांदूरला गेलात. डॉक्टरकडं आपण पुन्हा गेलो नाही. तिला काय तोंड दाखवायचं होतं? पुड्या पुन्हा सहावर आल्या, मग आठवर. दोन वर्षांनी किडन्यांनी जबाब दिला तेव्हा डायलिसिसच्या मशीनवर न्यायला मीच होते, आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या घेत होते, तेव्हा सगळं मीच सांगितलं, ओळीनं, नीट. तेव्हा सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

ही गोष्ट मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांना एवढंच म्हटलं की मला बाबांचं दुखणं पाहवलं नाही. लोक म्हणतात, लेकीचा जीव तो. बाबा, ते खरं नाही. तुमचं दुखणं मला आणखी तीन दिवस पाहवलं असतं. दहाव्या दिवशी नणंदेला पाहायला मूर्तिजापूरची मंडळी येणार होती. नवव्या दिवशी दुपारी सासूबाई कांदे पोहे भिजवायचं बोलता बोलता हळूच म्हणाल्या, "पाव्हन्याइले आतून कन्हनं आयकू गेलं तं काय सांगाचं? घरात कोनी डोक्यानं अधू हाय म्हनतीन." एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला पुडी द्यायला सांगितलं नाही. तुम्हाला शेजारी हलवता आलं असतं. मंडळींना घरात आजारी माणूस आहे असं सांगता आलं असतं. मी पिशवी घेतली आणि दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी मंडळी आली, पोहे खाल्ले, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याशी पावसापाण्याचं बोललात, आणि आठ दिवसांनी त्यांचा नकार आला. त्या नकाराचं कारणही आम्हाला कधी कळलं नाही.

आता माझं डोकं दुखतं आणि मला झोप येत नाही. डॉक्टरनं विचारलं तेव्हा माझी लेक शेजारच्या खुर्चीवर होती. पट्टी कुठं असते ते तिला माहीत आहे, मेडिकलातून तीच आणून देते. तिनं पर्सकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, आणि गप्प बसली. तिला मी काही म्हटलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हा खरं सांगीन, असं पत्राच्या शेवटी लिहायचं मनात होतं, पण शाळेतल्या पोरांकडून लिहून घेतात तसलं ते वाक्य तुमच्यापुढं लिहवत नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, मग इथं तरी सांगते. लिहायला बसायच्या आधी मी एक घेतली, बाबा. नाहीतर एवढं लिहून झालं नसतं.